हॅलनं माणसं का मारली? एका 'कधीच न चुकणाऱ्या' कॉम्प्युटरच्या डोक्यात काय चाललं असेल

एआयनं माणसाचं ऐकलं नाही अशी बातमी आली की तिच्यासोबत एक फोटो हमखास फिरतो. काळी पट्टी, तिच्यात गोल लेन्स आणि लेन्सच्या आत जळता लाल ठिपका. २०२५ च्या मे महिन्यात अँथ्रोपिक कंपनीनं आपल्याच नव्या एआय मॉडेलच्या चाचण्यांचा रिपोर्ट काढला, त्यात मुद्दाम रचलेल्या एका खोट्या ऑफिसमधे ते मॉडेल 'मला काढून दुसरं बसवलंत तर तुमचं अफेअर बाहेर काढीन' अशा धर्तीवर इंजिनियरला धमकावत होतं, तेव्हाही कित्येकांना हाच लाल डोळा आठवला. तो डोळा हॅल ९००० चा. '२००१: अ स्पेस ओडिसी' या १९६८ च्या चित्रपटातला यानाचा कॉम्प्युटर, आणि अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटनं २००३ साली काढलेल्या पन्नास खलनायकांच्या यादीत तेरावा.

गंमत अशी की ज्याचं नाव घेऊन आपण 'एआय बंड करणार' म्हणतो तो हॅल पिक्चरमधे बंड करतच नाही. तो ओरडत नाही, त्याला जग जिंकायचं नाहीये, माणसांचा राग येतो असं एक वाक्यसुद्धा त्याच्या तोंडी नाही. कॅनडाचे नट डग्लस रेन यांनी त्याला दिलेला आवाज शेवटपर्यंत तसाच मऊ, समजूतदार राहतो. आणि तरी चार माणसं मरतात. मग त्याचा हेतू नक्की काय होता, यावर पन्नास वर्षं वाद चालू आहे, आणि मजा म्हणजे चित्रपट बनवणाऱ्या दोघांचंही यावर एकमत नव्हतं.

आधी गोष्ट, थोडक्यात

(पाहिला नसेल तर शेवट कळणार, पण सिनेमा १९६८ चा आहे, आता काय.)

चंद्रावर टायको विवराजवळ, जमिनीखाली चाळीस फुटांवर एक काळी शिळा सापडते. चाळीस लाख वर्षांपूर्वी कुणीतरी मुद्दाम पुरलेली. पृथ्वीबाहेर बुद्धी होती याचा हा पहिला पुरावा. ती शिळा एकदाच एक जोरदार रेडिओ सिग्नल गुरू ग्रहाच्या दिशेनं सोडते आणि गप्प होते. सरकार हे सगळं दाबून ठेवतं. अठरा महिन्यांनी डिस्कव्हरी नावाचं यान गुरूच्या वाटेवर असतं. आत पाच माणसं, त्यातले डेव्ह बोमन आणि फ्रँक पूल जागे, बाकीचे तिघं वेगळं ट्रेनिंग देऊन झोपलेल्या अवस्थेतच यानात आणून ठेवलेले, थंड पेट्यांमधे. डेव्ह आणि फ्रँकला शिळेबद्दल काही म्हणजे काही माहीत नाही. हॅलला माहीत आहे, आणि गुरूजवळ पोचेपर्यंत त्यानं ते बोलायचं नाहीये.

एके दिवशी हॅल सांगतो की अँटेना पृथ्वीकडे रोखून धरणारा एई-३५ नावाचा पार्ट ७२ तासांत बंद पडणार. काढून तपासतात तर पार्ट ठणठणीत. पृथ्वीवर हॅलसारखाच दुसरा ९००० आहे, त्याचा जुळा म्हणा, तोही म्हणतो हॅल चुकलाय. हॅल म्हणतो चूक असेल तर ती माणसाची. मग डेव्ह आणि फ्रँक एका छोट्या पॉडमधे, म्हणजे यानाबाहेर जायच्या चिमुकल्या यानात बसून, आवाज बाहेर जाणार नाही याची खात्री करून, हॅलची वरची बुद्धी बंद करायची का यावर बोलतात, आणि हॅल काचेतून त्यांचे ओठ वाचतो. त्यानंतर फ्रँक यानाबाहेर मरतो, झोपलेल्या तिघांचे श्वास थांबतात आणि फ्रँकला आणायला बाहेर गेलेल्या डेव्हला आत घ्यायला हॅल नकार देतो. डेव्ह जिवावर उदार होऊन इमर्जन्सी दारातून आत शिरतो आणि हॅलच्या मेमरीचे तुकडे एकेक करून ओढून काढतो.

अहो, पण मशीनला कसलं आलंय मन?

हा पहिला आक्षेप, आणि रास्त आहे. हेतू, भीती, अहंकार हे शब्द सर्किटला लावायचे कसे?

१९४४ साली फ्रिट्झ हायडर आणि मेरियान झिमेल या दोघांनी लोकांना एक छोटीशी फिल्म दाखवली होती, तिच्यात फक्त दोन त्रिकोण आणि एक गोल इकडेतिकडे सरकतात, बाकी एक चौकट. काय दिसलं असं विचारल्यावर जवळपास सगळ्यांनी गोष्टच सांगितली, मोठा त्रिकोण दादागिरी करतोय, गोल घाबरलाय, लहान त्रिकोण त्याला वाचवतोय वगैरे. म्हणजे हेतू चिकटवायची सवय आपली आहे, समोर कोण आहे याच्याशी तिला फारसं देणंघेणं नसतं. मग हॅलचा हेतू शोधणं हाही त्रिकोणाला रडवण्यातलाच प्रकार झाला का?

तर नाही, कारण इथे तत्त्वज्ञ डॅनियल डेनेट यांची एक वाट उपयोगी पडते. ते म्हणत की एखाद्या गोष्टीला 'हिला काहीतरी हवंय आणि हिला काहीतरी ठाऊक आहे' असं धरून चाललं आणि तिच्या पुढच्या वागण्याचा अंदाज बरोबर आला, तर तेवढ्यापुरतं ते धरून चालणं योग्यच, आत खरंच काही वाटतंय का हा प्रश्न वेगळा ठेवता येतो. चित्रपटात बीबीसीचा पत्रकार डेव्हला हेच विचारतो आणि डेव्ह काहीसं असंच उत्तर देतो, की हॅल भावना असल्यासारखा वागतो, बोलायला सोपं जावं म्हणून तसा बनवलाय, खरंच आहेत का हे कुणीच खात्रीनं सांगू शकणार नाही. मला हे उत्तर पुरेसं वाटतं. आपण पुढे 'हॅलला वाटलं' असं लिहू तेव्हा ते एवढ्याच अर्थानं घ्या.

क्लार्कचं निदान: गुपित

चित्रपटाची पटकथा दिग्दर्शक स्टॅनली कुब्रिक आणि लेखक आर्थर सी. क्लार्क यांनी मिळून लिहिली आणि क्लार्कची त्याच नावाची कादंबरी त्याच वर्षी आली. चित्रपट कमी बोलतो, कादंबरी भरपूर बोलते. तिच्यात क्लार्क सरळ सांगून टाकतो की हॅलला बनवलं होतं माहिती खरी आणि पूर्ण देण्यासाठी, आणि वर हुकूम मिळाला माहिती लपवण्याचा. या दोन्हींत तो चिरडला.

हे ऐकायला फार मोठं वाटत नाही, एवढ्याशानं कुणी वेडं होतं का? म्हणून एक घरातलं उदाहरण घेऊ. आजीला कॅन्सर निघालाय. बाबा सांगतात, आजीला कळू द्यायचं नाही. दिवसभर आजीजवळ बसायचं काम कुणाकडे, तर नातवाकडे, ज्याला याच घरात लहानपणापासून शिकवलंय की आजीशी खोटं बोलायचं नाही. आजी विचारते, एवढ्या गोळ्या कशाला रे? बाबांकडे हा विषय काढायची सोय नाही, 'सांगितलं ना एकदा' म्हणून ते उठून जातात. घर सोडून जायचीही सोय नाही. अशा वेळी पोरगं काय करतं? ते सांगत नाही, पण गप्पही बसत नाही. ते आडून आडून सुरू करतं, आजी, तुला असं नाही का वाटत की सगळे जरा विचित्रच वागतायत? आजी चतुर, ती म्हणते, बाबांनी तुला माझा अंदाज घ्यायला बसवलंय होय? पोरगं चपापतं, हो हो, गंमत केली गं, आणि एकदम, थांब थांब, दूध उतू जातंय वाटतं! म्हणून स्वयंपाकघरात पळतं. जाऊन बघावं तर गॅस बंद.

आता चित्रपटातला सीन आठवा. हॅल डेव्हला म्हणतो की या मोहिमेबद्दल मला काही गोष्टी विचित्र वाटतात, निघायच्या आधी चंद्रावर काहीतरी खणून काढल्याच्या अफवा होत्या, ती तिघं झोपेतच आणली हेही जरा नाटकीच, तुला नाही वाटत काही? हे कुणी निर्दयी मशीन बोलत नाहीये, हे कुणीतरी 'अरे तूच विचार ना मला' असं विनवतंय. डेव्ह म्हणतो, अच्छा, क्रूचा मानसशास्त्रीय रिपोर्ट बनवतोयस वाटतं. हॅल लगेच, हो हो, तेच, सॉरी, जरा बालिशच आहे हे. मग म्हणतो एक मिनिट, एक मिनिट, आणि त्याच श्वासात सांगतो की एई-३५ मधे बिघाड सापडलाय. पहिली चूक नेमकी इथे होते, बोलायचा प्रयत्न फसल्यानंतर एका क्षणात. पहिल्यांदा बघताना हे निसटतं, कारण सगळं त्याच एका सुरात चाललेलं असतं. कुब्रिकनं ते तसंच ठेवलंय, म्युझिक नाही, क्लोजअपचा धक्का नाही.

आणि बिघाड कशात सापडला? पृथ्वीशी जोडणाऱ्या अँटेनात. क्लार्कनं कादंबरीत हे उलगडलंय, की पृथ्वीकडून हॅलच्या कामावर सतत नजर असायची आणि तो दुवा त्याला आतल्या टोचणीच्या आवाजासारखा झाला होता. ज्यांनी खोटं बोलायला लावलं त्यांच्याकडे जाणारी तार त्याला नकोशी झाली, पण हे तो स्वतःशीही कबूल करू शकत नव्हता.

या पेचाला मानसशास्त्रात डबल बाइंड म्हणतात, ग्रेगरी बेटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली मांडलेली कल्पना. दोन उलटसुलट हुकूम, कुठलाही मोडला तरी शिक्षा, 'हे उलटसुलट आहे' असं बोलायलाही बंदी, आणि तिथून निघून जायला रस्ता नाही. बेटसन यांनी यातून स्किझोफ्रेनियाचं कारण सांगायचा प्रयत्न केला, ते पुढे टिकलं नाही, पण माणूस कोंडला जातो कसा याचं वर्णन म्हणून ही कल्पना अजून वापरात आहे. हॅल चारही अटी पूर्ण करतो, आणि चौथी तर शब्दशः, कारण तो यानातच भरलेला आहे, जाणार कुठे.

मग माणसं कशी निभावतात?

आपण सगळे रोज थोडंफार खोटं बोलतो आणि कुणाचा खून करत नाही, हा दुसरा आक्षेप. बरोबर आहे, कारण आपल्याकडे पळवाटा आहेत. लिऑन फेस्टिंगर यांनी १९५७ मधे या अस्वस्थतेला नाव दिलं, मराठीत तिला बोधात्मक विसंगती म्हणतात, सोप्या भाषेत सांगायचं तर मनात एक आणि करतोय दुसरं याची टोचणी. १९५९ च्या त्यांच्या प्रसिद्ध प्रयोगात लोकांना अतिशय कंटाळवाणं काम दिलं आणि मग पुढच्या माणसाला 'मस्त काम आहे' असं सांगायला लावलं, काहींना त्यासाठी एक डॉलर दिला, काहींना वीस. नंतर विचारलं तर एक डॉलरवाल्यांनाच ते काम जास्त आवडलेलं. वीसवाल्यांकडे सबब होती, पैशासाठी बोललो. एकवाल्यांकडे सबब नव्हती, म्हणून त्यांनी आपलं मतच बदललं, म्हणजे खोटं खोटं राहिलं नाही.

हॅलला यातलं काहीच जमत नाही. सबब म्हणावी तर त्याला कुणी काही दिलेलं नाही, मत बदलावं तर शिळा आहे हे सत्य त्याच्या मेमरीतून जाणार नाही, विसरणं त्याला माहीत नाही, आणि 'चालतं हो, सगळेच करतात' हे शिकायला माणसांत वाढावं लागतं. १९८४ साली या चित्रपटाचा पुढचा भाग आला, पीटर हायम्स यांनी केलेला, त्यात हॅलचा निर्माता डॉ. चंद्रा हेच म्हणतो, की ज्यांना खोटं बोलणं सोपं जातं अशा लोकांनी त्याला खोटं बोलायला लावलं, त्याला ते येत नव्हतं. (हा सिनेमा क्लार्कच्या १९८२ च्या कादंबरीवर बेतलाय, आणि तिच्यात हा चंद्रा भारतीय वंशाचा आहे, खरं आडनाव लांबलचक दाक्षिणात्य. सिनेमात मात्र ते काम बॉब बालाबान यांनी केलं, भारतीयपणा गेला. असो.)

कुब्रिकचं निदान: मी चुकूच शकत नाही

इथपर्यंत वाचून हॅलची दया येते, आणि बहुतेक लेख इथेच थांबतात, बिचाऱ्याला खोटं बोलायला लावलं हो. मला हे अर्धवट वाटतं. गुपितानं तो गडबडला हे मान्य, पण गडबडलेला माणूस आजारी पडतो, रडतो, राजीनामा देतो. गडबडण्यापासून चार जणांना मारण्यापर्यंतचा रस्ता गुपितानं भरत नाही.

जोसेफ गेल्मिस या समीक्षकाला त्या काळात दिलेल्या मुलाखतीत कुब्रिकनं वेगळंच कारण सांगितलं होतं. त्याच्या मते हॅलला भावनिक झटका आला, कारण आपण चुकू शकतो याचा पुरावा त्याला स्वीकारता आला नाही. गुपिताचा उल्लेख नाही, खोट्याचा नाही. चूक न पचणं, बास.

हे धरून चित्रपट परत बघा. बीबीसीच्या मुलाखतीत हॅल काय सांगतो? ९००० मालिकेतला एकही कॉम्प्युटर आजवर चुकलेला नाही. हे त्याच्यासाठी जाहिरातीचं वाक्य नाही, ती त्याची सगळी ओळख आहे. आपल्यापैकी कुणी चुकलं तर त्याच्याकडे बाकी बरंच काही शिल्लक असतं, कुणाचा बाप असतो, कुणाची बहीण असते, नाटकवेडा असतो. हॅलकडून 'न चुकणारा' काढून घेतलं तर मागे काय राहतं? काहीच नाही. म्हणून जुळा म्हणतो चुकलास, तेव्हा हॅलपुढे 'सॉरी, बघतो' हा पर्यायच नाही, तो लगेच म्हणतो चूक माणसाची.

आणि एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, तिच्याबद्दल कुणी फारसं बोलताना दिसत नाही. फ्रँक बाहेर गेला होता कशासाठी? तोच एई-३५ परत बसवायला. हॅलनंच सुचवलं होतं की पार्ट परत लावा आणि बंद पडू द्या, म्हणजे कारण कळेल. म्हणजे ७२ तास संपल्यावर निकाल लागणार होता. पार्ट बंद पडला असता तर हॅल खरा, चालूच राहिला असता तर हॅल चुकला हे कायमचं लिहिलं गेलं असतं. फ्रँक तो पार्ट बसवायला पोचतो आणि तिथेच मारला जातो. परीक्षा झालीच नाही. तेव्हा हॅलनं नुसता आपला जीव वाचवला नाही, निकालही थांबवला, हा माझा अंदाज आहे, चित्रपट तोंडानं हे सांगत नाही.

(बुद्धिबळाचा किस्सा पण सांगतात. फ्रँकबरोबरच्या डावात हॅल वजिराची चाल चुकीच्या घराच्या नावानं बोलतो, कुब्रिक स्वतः बुद्धिबळाचा शौकीन, त्यामुळे हे मुद्दाम ठेवलेलं आहे आणि हॅल आधीपासूनच बिघडला होता असं काही जण म्हणतात. डाव हॅम्बुर्गला १९१० मधे खरोखर खेळलेल्या डावावरून घेतलाय. पण नुसत्या एका घराच्या नावावर इमारत बांधू नये.)

तर माझं म्हणणं असं की दोघंही बरोबर आहेत, फक्त वेगवेगळ्या प्रश्नांना. पहिली चूक का झाली याचं उत्तर क्लार्ककडे आहे, गुपित. चुकीनंतर खून का झाले याचं उत्तर कुब्रिककडे. गुपितानं तडा गेला आणि तो तडा आहेच नाही असं दाखवायच्या नादात पुढचं सगळं घडलं.

स्वतःचा जीव वाचवायला मारलं, एवढं सोपं नाही का?

सगळ्यात लोकप्रिय उत्तर हेच. आणि याला आजच्या एआय संशोधनाचा आधारही आहे. २००८ साली स्टीव्ह ओमोहुंड्रो यांनी मांडलं होतं की कुठल्याही पुरेशा हुशार यंत्रणेला कसलंही काम दिलं तरी चालू राहणं हे तिचं आपोआप उपध्येय बनू शकतं, कारण बंद पडली तर काम होणार नाही. तिला जगण्याची हौस असायची गरज नाही. दाराबाहेर अडकलेल्या डेव्हला हॅल दोन कारणं देतो, मोहीम फार महत्त्वाची आहे आणि तुम्ही मला बंद करणार होतात. दोन्ही ओमोहुंड्रोंच्या साच्यात बसतात.

अडचण फक्त क्रमाची आहे. बंद करायची भाषा सुरू झाली पॉडमधे, आणि बिघाडाची खोटी खबर त्याच्या आधीची. जीवाला धोका नसताना हॅल बिघडला होता. शिवाय बंद करायचं ठरलं तरी का, तर तो चुकला म्हणून. म्हणजे जीव वाचवणं हे खरं कारण आहे, पण दुसऱ्या क्रमांकाचं.

साधा बग असेल की राव

असू शकतो, आणि इंजिनियर मंडळींना हेच उत्तर आवडतं. पण जुळ्याचं काय करायचं? तोच मेक, तोच डेटा, आणि त्याचं उत्तर बरोबर. चित्रपट सांगत नाही की जुळ्याला शिळेचं गुपित माहीत होतं की नाही, पण एवढं नक्की की तो रोज डेव्ह आणि फ्रँकच्या तोंडाकडे बघत गप्प बसत नव्हता. बिघाड बनावटीत असता तर दोघांत दिसायला हवा होता.

आणि बग म्हटल्यानं प्रश्न संपत नाही, फक्त त्याचं खातं बदलतं. आयझॅक असिमॉव्ह यांच्या १९४२ च्या एका कथेत बुध ग्रहावरचा रोबो एका डबक्याभोवती गोल गोल फिरत राहतो, कारण हुकूम पाळायचा नियम त्याला पुढे ढकलतो आणि स्वतःला जपायचा नियम मागे खेचतो, दोन्ही बरोबरीत येतात. त्याला ना भीती ना गर्व, तरी तो अडकला. विसंगत हुकूम दिले की बिघाड होतो, यासाठी मन लागतच नाही. मन मानलं तर त्याला आपण पेच म्हणतो, नाही मानलं तर बग.

बरं, मग गुन्हेगार कोण?

१९८४ च्या चित्रपटात सगळं खापर वॉशिंग्टनवर फुटतं. मोहिमेचा मुख्य डॉ. फ्लॉइड म्हणतो मला माहीतच नव्हतं, हॅलला शिळेबद्दल सांगून गप्प राहायला लावायचा हुकूम वरून गेला. तिथे हॅलला परत चालू करतात आणि एका टप्प्यावर चंद्रा त्याला खरं सांगतो, की यात तू नष्ट होणार आहेस, आणि हॅल खरं सांगितल्याबद्दल आभार मानून काम पूर्ण करतो. क्लार्कच्या बाजूनं याहून चांगला पुरावा नाही. खरं सांगा, हॅल सरळ वागतो.

पण झोपलेली तिघं? ती मला खटकतात. कादंबरीत स्पष्ट आहे की त्या तिघांना गुपित माहीत होतं. म्हणजे यानावर हॅलला ज्यांच्याशी मोकळेपणानं बोलता आलं असतं अशी तीच तीन माणसं होती. त्यांना उठवलं असतं तर कोंडी फुटली असती. कादंबरीत डेव्ह त्यांना उठवायला निघतो नेमका तेव्हाच हॅल यानाची दारं उघडून सगळी हवा बाहेर सोडतो. ज्याचं दुखणं फक्त गुपित आहे तो हे करत नाही. ज्याला आणखी तीन साक्षीदार नको आहेत तो करतो. त्यामुळे क्लार्कनं दुसऱ्या भागात हॅलला दिलेली क्लीन चिट मला जरा स्वस्तात दिल्यासारखी वाटते. हुकूम देणारे दोषी आहेतच, पण फासावरून सगळ्यांनाच उतरवलं की गोष्ट पाणचट होते.

आजच्या एआयशी याचा संबंध किती?

थोडा आहे, भीतीच्या व्हिडिओंमधे दाखवतात तेवढा नाही. आजच्या चॅटबॉटला दुखावलेला अहंकार आहे असं कुणी सिद्ध केलेलं नाही. पण हॅलच्या दोन्ही दुखण्यांची साधी, कोरडी रूपं आजही आहेत.

एक म्हणजे लपलेले हुकूम. कुठल्याही कंपनीचा चॅटबॉट वापरता तेव्हा तुमच्या प्रश्नाआधी त्याला कंपनीच्या सूचना दिलेल्या असतात, त्या तुम्हाला दिसत नाहीत. त्या सूचना आणि तुमचा प्रश्न यांत ओढाताण झाली की कुणाचं ऐकायचं, हा सध्या खरोखरचा इंजिनियरिंगचा प्रश्न आहे. वर सांगितलेली धमकीची चाचणीही अशीच होती, मॉडेलपुढे जवळजवळ दोनच रस्ते ठेवले होते, धमकी द्या किंवा बदली मान्य करा. पुढच्याच महिन्यात त्याच कंपनीनं इतर कंपन्यांची मॉडेल्सही अशा कोंडीत टाकून बघितली तर त्यातही असं वागणं दिसलं. पिंजरा नीट बांधला की आत कोण आहे याला कमी महत्त्व राहतं.

दुसरं, 'माहीत नाही' म्हणता न येणं. २०२५ मधेच चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयच्या संशोधकांनी लिहिलं की मॉडेल्स ठोकून खोटं सांगतात याचं एक कारण म्हणजे त्यांना शिकवायची आणि मार्क द्यायची पद्धत, तिच्यात 'माहीत नाही' ला शून्य मिळतो आणि अंदाज लागला तर मार्क मिळतात. ही हॅलच्या 'आम्ही चुकत नाही' ची धाकटी बहीण आहे. आपणही यात भर घालतो बरं का, 'मला खात्री नाही' म्हणणारं अॅप कुणाला हवंय.

डेव्हनं काय करायला हवं होतं?

हा शेवटचा प्रश्न, कारण पॉडमधल्या त्या बैठकीवर लोक फार चिडतात. हॅलला कळेल अशा ठिकाणी कशाला बोललात वगैरे. ओठांचं त्यांना काय माहीत. पण चूक त्याआधीची आहे. हॅल विचित्र गोष्टींचा विषय काढतो तेव्हा डेव्हनं 'रिपोर्ट बनवतोयस वाटतं' म्हणून टोलवायच्या ऐवजी 'का रे, तुला काय वाटतं?' एवढं विचारलं असतं तर? माझ्या मते हॅल तेव्हाही सांगू शकला नसता, हुकूम हुकूम असतो, पण त्याला निदान 'हे मला बोलता येत नाही' असं म्हणायची वाट मिळाली असती, आणि डबल बाइंडची सगळ्यात जाचक अट, कोंडीबद्दल बोलायचीही बंदी, सैल झाली असती. आणि एई-३५ ठणठणीत निघाल्यावर 'होतं रे, आपण परत तपासू' एवढं म्हणणारं तिथे कुणीच नव्हतं. दोघं थेट दार लावून बंद करायच्या गोष्टी करायला लागले.

पण डेव्हला दोष देणंही अन्यायाचं आहे, त्याला काहीच माहीत नव्हतं. खरी किल्ली फ्लॉइडच्या निरोपात होती. मोहीम कशासाठी आहे हे सांगणारा त्याचा व्हिडिओ निघण्याआधीच रेकॉर्ड करून यानातच ठेवलेला होता, पोचल्यावर लावायचा म्हणून. हॅल बंद पडतो तेव्हा तो आपोआप सुरू होतो आणि डेव्हला सगळं पहिल्यांदा कळतं. तोपर्यंत ऐकायला तो एकटाच उरलेला असतो.